स्वतंत्र संगीत आणि माझा अडकित्ता

मूर्तिजापूर हे गाड्या बदलण्याचे गाव आहे, गाणे ऐकण्याचे नव्हे, ही गोष्ट वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मला कधी खटकली नव्हती. मुंबईहून हावड्यास जाणाऱ्या थोर लोहमार्गावर, अकोला आणि बडनेरा या दोन मातब्बर स्थानकांच्या दरम्यान, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वसलो आहोत. आणि हिंदुस्थानातील यच्चयावत कलावंत आमच्या फलाटासमोरून, बहुधा मध्यरात्री व बहुधा झोपेत, पुढे निघून जातात. १९७७ साली गीतांजली नावाची, वर्गभेद न मानणारी गाडी सुरू झाली, तेव्हा जिच्या नावातच गीत आहे तिचा एखादा सूर आपल्याही वाट्यास येईल, अशी भाबडी आशा गावातील दोन-चार रसिकांनी बाळगली होती. परंतु आमच्या तारुण्यात ती गाडी आमच्या स्थानकावर थांबत नसे. फलाट ओलांडताना ती जो एक प्रदीर्घ स्वर लावी आणि जो पलीकडच्या माना स्थानकाच्या दिशेने हळूहळू उतरत विरून जाई, तेवढाच काय तो बाहेरगावच्या कलावंताचा आमच्या गावी नियमाने होणारा कार्यक्रम.

तशात माझी नोकरी तहसील कचेरीतली. मी अव्वल कारकून. आणि करमणूक शुल्काचे दप्तर कित्येक वर्षे माझ्या टेबलावर. तमाशाचा फड येवो, तंबूतला सिनेमा येवो, की मौतका कुआँ येवो, तिथे लोक किती हसले वा किती रडले याच्याशी माझा संबंध नसे. त्या हसण्या-रडण्यापैकी सरकारजमा किती व्हावयाचे, एवढेच मी पाहत असे. आबकारी खात्यातला इमानी शिपाई जसा दारूकडे पेय म्हणून पाहू शकत नाही, तसा मी करमणुकीकडे करमणूक म्हणून कधी पाहू शकलो नाही. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, करमणूक शुल्क त्यात विलीन झाले, आणि थोड्याच महिन्यांनी मीही सेवानिवृत्तीत विलीन झालो. शुल्क गेले आणि करमणूक तेवढी शिल्लक राहिली. तिचे काय करतात, हे मला ठाऊक नव्हते.

अशा निराधार अवस्थेत असताना मुंबईस संगणकाच्या नोकरीत असलेल्या माझ्या भाच्याचा फोन आला.

"मामा, इंडी बँड ऐकायला येता का?"

इंडी हे विजापूर जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव आहे, हे महसूल खात्यात हयात घालविलेल्या मनुष्यास सांगावे लागत नाही. आणि बँड म्हणजे काय, हे वऱ्हाडात लग्नाची वरात पाहिलेल्या पाच वर्षांच्या पोरासही सांगावे लागत नाही. मी म्हणालो, "अरे, इतक्या दूरचा बँड कशाला ठरवला? आपल्या अकोल्याची पथके काय वाईट आहेत? आणि लग्न कोणाचे?"

पलीकडे काही काळ शांतता पसरली.

"मामा, लग्न नाही. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. स्वतंत्र."

"लग्न नाही म्हणजे स्वतंत्रच की," आमचे कुटुंब आतून म्हणाले.

यथावकाश माझे अज्ञान फिटले. जो गायक सिनेमाच्या कंपनीचा बंदा नाही, जो स्वतःच गीत लिहितो, स्वतःच चाल लावतो, स्वतःच गातो, स्वतःच ध्वनिमुद्रण करतो आणि सुरुवातीची काही वर्षे पुष्कळदा स्वतःच ऐकतो, तो इंडी. या पंथास बरीच पूर्वपीठिका आहे, असे भाच्याने मला गृहपाठ देऊन पटविले. मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा मेळा भरू लागला होता. दिल्लीचे 'इंडियन ओशन' हे मंडळ १९९० पासून गात आहे. रघू दीक्षित नावाचा जन्माने नाशिककर आणि वाढीने म्हैसूरकर असा गायक लुंगी नेसून व पायात घुंगरू बांधून रंगमंचावर नाचतो. आणि 'अभंग रिपोस्ट' नावाची मराठी मुले संतांचे अभंग गिटारीवर गातात. मी गृहपाठ मनापासून केला. 'इंडियन ओशन'चे 'कंदिसा' हे गीत केरळातील सुरियानी ख्रिस्ती परंपरेतील अरामी भाषेतील प्रार्थना आहे, असे कळल्यावर मी ते रोज पहाटे आंघोळीच्या वेळी म्हणू लागलो. आठवड्याभराने शेजारचे कापसाचे अडते कुंपणावरून हळूच विचारते झाले, "साहेब, तब्येत बरी हाय ना? कोन्या बुवानं मंतर देला काय?"

मनात थोडी शंका होती ती अमेरिकेने घालविली. प्रतीक कुहाड नामक तरुणाचे 'कोल्ड मेस' हे गीत बराक ओबामा यांनी २०१९ सालच्या आपल्या आवडत्या गीतांच्या यादीत घातले होते. अमेरिकेचा माजी अध्यक्ष जर हे संगीत ऐकू शकतो, तर मूर्तिजापूरच्या माजी अव्वल कारकुनाने का ऐकू नये? दोघेही निवृत्त. दोघांनाही वेळ भरपूर. फरक इतकाच, की त्यांना तिकीट काढावे लागत नसावे.

तिकीट काढणे हा मात्र या संगीतातील सर्वांत बिकट राग आहे. ते खिडकीवर मिळत नाही. भाच्याने बजावले, "मामा, अर्ली बर्ड घ्या, स्वस्त पडतं." ही गोष्ट मी अडत्यांना अभिमानाने सांगितली, तेव्हा त्यांनी मला गंभीरपणे सल्ला दिला, की कोंबड्यांच्या धंद्यात उन्हाळ्यात फार मर होते. मग तो सहा आकडी सांकेतिक क्रमांक. आमच्या घरात संगणक खाली माजघरात, आणि मोबाईलला संकेत मिळतो तो फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या उत्तरेस, एक पाय कठड्यावर ठेवला तर. तेव्हा कुटुंब संगणकापाशी बसले, मी टाकीपाशी उभा राहिलो, आणि आलेला क्रमांक वरून खाली ओरडून सांगू लागलो: "चार! सात! सात! दोन!" क्रमांकाची मुदत टळली, पुन्हा नवा आला, पुन्हा मी ओरडलो. असे पाच वेळा झाले. सहाव्या वेळी तिकीट लागले, पण तोवर रस्त्यावर सात-आठ माणसे जमली होती आणि त्यांतील एक सद्गृहस्थ खिशातून चिठ्ठी काढून विचारत होते, "साहेब, ओपनचा आकडा कोनता म्हटला?" बत्तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर गावात माझी मटकेवाला म्हणून ख्याती झाली ती त्या दिवशी. तिकिटाच्या रकमेवर 'सोयीचे शुल्क' म्हणून आणखी काही रुपये कापले होते. करमणूक शुल्क मी हयातभर वसूल केले, पण ज्याची गैरसोय झाली त्याच्याचकडून सोयीचे शुल्क घ्यावे, ही कल्पना आमच्या खात्यात कोणास सुचली नव्हती, हे मी खेदाने नमूद करतो.

निघताना सामान फार नव्हते. एक सतरंजी, एक मफलर, पोळ्या व मिरचीच्या ठेच्याचा डबा, पानाची चंची आणि आजोबांच्या वेळचा पितळी अडकित्ता. स्थानकाच्या वाटेवर अडते भेटले.

"कुटी निघाले साहेब?"

"मुंबईला. गाणं ऐकायला."

"काहून? मोबाईलमंदी नाई येत का थे?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून मी प्रत्यक्ष श्रवणाचे माहात्म्य, तिथला आवाज किती प्रचंड असतो वगैरे सांगू लागलो. त्यांनी ते ऐकून घेतले, पिशवीत हात घातला आणि सरकी काढलेला पांढराशुभ्र कापूस मूठभर काढून माझ्या खिशात कोंबला. "असू द्या. कानाले लागन."

या कापसाने पुढे मला तारलेही आणि बुडविलेही. पण त्याआधी त्याच्या कुळाविषयी दोन शब्द लिहिणे मला प्राप्त आहे. पुण्याच्या लोकांस 'शाकुंतल' म्हटले की १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी रंगभूमीवर आणलेले नाटक आठवते. आम्हांस आठवते ती यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर अशी सुमारे १९० किलोमीटर धावणारी, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची आमची शकुंतला. किलिक निक्सन या विलायती कंपनीने ती वऱ्हाडचा कापूस वाहण्यासाठी घातली. तो कापूस मूर्तिजापुरास मोठ्या गाडीत चढे आणि मुंबईस जाई. १९२१ साली मँचेस्टरात घडलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ सालापर्यंत चालले, आणि अचलपूरपर्यंतचे ७६ किलोमीटर ती साधारण चार तासांत कापीत असे. विलंबित लय म्हणजे काय हे मला कोणा उस्तादाने शिकविले नाही. मी बालपणी आजोळी जाताना ती खिडकीतून पाहिली आहे. गाडी चालू असता उतरून, बोरे वेचून, पुन्हा चढता येत असे. पुढे दुष्यंताप्रमाणे सरकारास तिचा विसर पडला. अंगठी कोणत्या माशाच्या पोटात आहे, याचा तपास अद्याप चालू आहे.

तर तो कापूस ज्या गिरण्यांत जाई, त्या गिरण्या गेल्या आणि त्यांच्या आवारांत गाणी आली. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' नावाचे संगीतगृह निघाले, त्याची कीर्ती सर्वदूर पसरली, आणि मी निवृत्त होण्याआधीच, २०१६ साली, ते बंदही झाले. भाच्याने मला नेले ते अशाच दुसऱ्या एका पूर्वाश्रमीच्या गिरणीत, जिचे नाव मी सांगणार नाही, कारण त्यापुढील हकीकत ऐकल्यावर वाचक ते ओळखू इच्छिणार नाहीत. जिथे माझ्या आजोबांच्या शेतातला कापूस एके काळी आत गेला असेल, त्याच दारातून नातू खिशात मूठभर कापूस घेऊन आत शिरत आहे, या विचाराने मला गहिवर आला. तो गहिवर दारावरच्या काळ्या कपड्यांतील पहाडी इसमाने माझ्या खिशात हात घातल्यावर ओसरला.

"हे काय आहे?"

"अडकित्ता."

"कशासाठी?"

"मी सुपारी घेतो," मी सरळपणे सांगितले. "जेवणानंतर. रोज."

मुंबईच्या भाषेत या वाक्याचा अर्थ निराळा होतो, हे माझ्या ध्यानी यायला वेळ लागला. तो इसम दोन पावले मागे सरला आणि खांद्यावरच्या यंत्रात काहीतरी पुटपुटला. आणखी दोघे आले. माझ्या मागे रांगेत उभी असलेली निळ्या केसांची एक मुलगी कौतुकाने म्हणाली, "अंकल, रिस्पेक्ट!" भाचा तोवर मला ओळखेनासा झाला होता.

सुदैवाने आलेल्यांपैकी एकाने डब्याचे झाकण उघडले, ठेच्याचा वास घेतला आणि त्याचा चेहरा पालटला.

"काका, कोनतं गाव?"

"मूर्तिजापूर."

"आरे बाप्पा! मी कारंज्याचा!"

कारंजा म्हणजे शकुंतलेच्याच रुळांवरचे गाव. नियमाप्रमाणे बाहेरचे अन्न आत नेण्यास मनाई होती. पण पोटातून नेण्यास मनाई नव्हती, तेव्हा आम्ही दोघांनी दाराबाजूस उभ्याने तो डबा संपविला. अडकित्त्याबाबत मात्र त्याचा इलाज चालेना. हत्यार ते हत्यार. मी पावती मागितली. पावती देण्याची पद्धत नव्हती. पावतीवाचून माल ताब्यात देणे हे माझ्या रक्तात नसल्याने मी तिकिटाच्या छापील प्रतीच्या पाठीवर रीतसर पंचनामा केला: पितळी अडकित्ता नग एक, मुठीवर पोपट, पोपटाच्या डाव्या डोळ्याचा खडा गहाळ, पाते सुस्थितीत. पंच म्हणून निळ्या केसांच्या मुलीने आणि गिटारीची पेटी पाठीवर घेतलेल्या एका तरुणाने सह्या केल्या. तो तरुण म्हणजेच त्या रात्रीचा मुख्य गायक, हे मला नंतर कळले. अडकित्ता एका प्लॅस्टिकच्या टोपल्यात, सिगारेट पेटविण्याच्या यंत्रांच्या सहवासात, विसावला.

आत काळोख होता. खुर्च्या नव्हत्या. मी सतरंजी अंथरण्याचा प्रयत्न केला. दोघे तिच्यावर अडखळले, तिघांना ती कार्यक्रमाचा भाग वाटली, म्हणून ती गुंडाळून काखेत धरली आणि उरलेली रात्र काखेत सतरंजी धरून उभा राहिलो. तिकिटावर वेळ सातची होती. सव्वाआठ वाजता मंचावर एक दाढीवाला आला आणि ध्वनिवर्धकापाशी तोंड नेऊन अत्यंत आर्त स्वरात म्हणाला, "चेक. चेक. चेक." माझे हृदय द्रवले. या स्वतंत्र कलावंतांचे मानधन लोक बुडवितात, असे भाच्याने सांगितले होते. पण ती तक्रार त्यांनी अशी थेट मांडावी, तीही गाण्यातून, आणि धनादेशाची मागणी तीनदा करून पुढे "वन, टू" असा हिशेबही द्यावा, हे मला अपूर्व वाटले. मी मोठ्याने म्हणालो, "वा! क्या बात है!" सगळ्या सभागृहात दाद देणारा मी एकटाच होतो. दाढीवाल्याने हात जोडले. तो तारा जोडणारा होता.

यानंतर जी मंडळी माझ्या सभोवती जमली, त्यांच्याविषयी दोन निरीक्षणे नोंदवितो. पहिले असे, की कोणत्याही गर्दीत सर्वांत उंच मनुष्य माझ्याच पुढे येऊन उभा राहतो. मी डावीकडे सरकलो तर तोही गाण्याच्या आवेशात डावीकडे झुलतो. त्या रात्रीचा गायक दिसायला कसा होता हे मी पंचनाम्यामुळे सांगू शकतो. गाताना कसा दिसतो हे सांगू शकत नाही. पुढील इसमाच्या सदऱ्याच्या पाठीवर मात्र एक कवटी होती, तिचे दात मी मोजले आहेत. दुसरे असे, की या श्रोत्यांत प्रतिष्ठेचे माप अजब आहे. आमच्या काळी "त्या मैफलीला दहा हजार माणूस होता, आणि त्यात मी होतो" असे सांगत. इथे उलटे.

"मी ह्यांना ऐकलं तेव्हा चाळीस लोक होते," एक म्हणाला.

"चाळीस? मी ठाण्याला ऐकलं तेव्हा पंचवीस."

"पुण्याच्या कॅफेत अकराच होते. त्यात तीन वेटर."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. वऱ्हाडची लाज राखणे भाग होते. मी म्हणालो, "आमच्याकडे मूर्तिजापूरला मी एक स्वतंत्र गायक रोज पहाटे ऐकतो. श्रोता एकच, मी. आणि गायकही मीच." तिघांनीही आदराने मान लवविली. एकाने त्या गायकाचे नाव मोबाईलमध्ये शोधूनही पाहिले.

आणि मग ते सुरू झाले. पहिल्या ठोक्याला माझ्या छातीतील फासळ्या आपापल्या जागेवरून हलून परत आल्या. दुसऱ्या ठोक्याला मी खिशात हात घातला आणि वऱ्हाडचा कापूस दोन्ही कानांत ठासला. चमत्कार झाला. जे मघापर्यंत गडगडाट वाटत होते, ते कापसातून गाळून येताच गाणे झाले. शब्द कळले. मुलगा आईविषयी गात होता. ती फोन करते आणि हा उचलत नाही, एवढाच विषय. साधीच गोष्ट, पण मी कवटीकडे पाहणे थांबविले. भोवतालची निम्मी मंडळी मोठमोठ्याने गप्पा मारीत होती, उरलेली निम्मी मोबाईल उंचावून चित्रीकरण करीत होती. म्हणजे एक पिढी आत्ता ऐकत नव्हती आणि दुसरी नंतर ऐकणार होती. शेवटच्या कडव्यास त्याने सर्व वाद्ये थांबविली, ध्वनिवर्धकापासून दूर झाला आणि नुसत्या गळ्याने गाऊ लागला. त्याबरोबर गप्पाही थांबल्या. मी हलकेच कापूस काढला.

नेमकी त्याच क्षणी माझ्या खिशातून दणदणीत खंजिरी सुरू झाली. माझ्या मोबाईलची घंटी म्हणजे आमच्या मंडळाचे खंजिरी भजन आहे, आणि ती मी, संकेत गच्चीवर व मी माजघरात अशी स्थिती असल्यामुळे, शक्य तितक्या मोठ्या आवाजात ठेवलेली असते. दोनशे माथी माझ्याकडे वळली. ज्या गाण्यात आईचा फोन कोणी उचलत नाही, त्या गाण्यात मी फोन उचलला.

"अहो, गोदरेजची किल्ली कुठे ठेवलीत?"

"मफलरच्या..." असे म्हणतो तो ध्यानात आले, की मफलर माझ्या गळ्यात आहे, आणि किल्लीही तिथेच आहे.

त्या मुलाने मात्र कमाल केली. त्याने खंजिरीची लय उचलली, पायाने ताल धरला आणि उरलेले कडवे तिच्यावर पेलून नेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारचा तरुण माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "अंकल, व्हॉट अ ड्रॉप!" मी घाईने खाली वाकून पाहिले, काही पडले नव्हते. मग गायकाने विचारले, "मुंबई, कसे आहात?" सर्वजण आरडाओरडा करू लागले. कोणी विचारपूस केली असता नुसते ओरडणे हे मला असभ्य वाटले, म्हणून मी हात वर करून सांगितले, की प्रकृती बरी आहे, उजवा गुडघा मात्र थंडीत धरतो. श्रोत्यांस प्रश्न विचारण्याची ही रीत आमच्या भागात नवी नाही. आमच्या शेजारच्या दापुऱ्यास आजोळी वाढलेले गाडगे महाराज कीर्तनाची जागा आधी स्वतः झाडून काढीत आणि मग श्रोत्यांस असे प्रश्न विचारीत, की उत्तर देणाऱ्याची भंबेरी उडावी. ना मंच, ना तिकीट, ना कोणा कंपनीचा करार. स्वतंत्र गायकाची व्याख्या काटेकोरपणे लावली, तर तालुक्यातील पहिली नोंद त्यांच्याच नावे करावी लागेल. बाबांच्या प्रश्नास मात्र केवळ ओरडून भागत नसे.

एका रात्रीने माझे समाधान झाले असते तर या लेखाची गरज नव्हती. पुढल्या हिवाळ्यात मी पुण्यास गेलो. तिथे २०१० पासून 'एनएच सेव्हन वीकेंडर' नावाचा मोठा उत्सव भरू लागला. हे नाव वाराणसीहून कन्याकुमारीस जाणाऱ्या, त्या वेळच्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सातवरून आले आहे. तो महामार्ग पुण्याच्या वाऱ्यासही उभा राहत नसे; तो आमच्या विदर्भातून, नागपुरातून जाई. आमच्या मूर्तिजापुरावरून जाणारा तो क्रमांक सहा. म्हणजे एका आकड्याने आमचा उत्सव हुकला! वर त्याच २०१० साली सरकारने महामार्गांचे क्रमांक बदलले: साताचा आमच्याकडील भाग चव्वेचाळीस झाला आणि आमचा सहा हा त्रेपन्न. याच त्रेपन्नवर जून २०२२ मध्ये लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनीजचा विक्रम झाला. माना हे आमच्याच तालुक्यातले. रस्ता जगात पहिला आणि त्यावरून येणारा बँड अद्याप एकही नाही, अशी आमची सद्यःस्थिती आहे.

त्या मैदानी उत्सवांत एकाच वेळी अनेक मंचांवर गाणे चालते, आणि आपण तिथे नाही त्या मंचावरचे गाणे नेहमी अधिक चांगले असते. मी इकडून तिकडे, तिकडून इकडे असा इतका चाललो, की रात्री मोबाईलने माझे अभिनंदन केले: पावले २१ हजार. गाणी ऐकली ती दोन, तीही अर्धी-अर्धी. पंढरीच्या वारीत मनुष्य निदान एका दिशेने चालतो. पुण्यासच १९५३ पासून होत असलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्री पूर्वी उजाडेपर्यंत चालत, असे जाणते सांगतात. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकास तोंड बंद ठेवावयास लावले, आणि त्यापुढे भैरवी काय अन् गिटार काय, सारे सारखेच. मी ज्या गायिकेसाठी मुद्दाम गेलो होतो ती नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मंचावर आली, तिने वाद्य सुरात लावले, आणि दहा वाजले. मी सवयीने "वन्स मोअर!" असे ओरडलो. जे एकदाही झाले नाही ते पुन्हा मागणारा श्रोता तिने प्रथमच पाहिला असावा.

परतीच्या प्रवासाची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण तीत माझाच दोष आहे. मुंबईच्या कार्यक्रमानंतर दुसऱ्या रात्री अमरावतीच्या गाडीत बसलो. डब्यात एक बाळ रडत होते, म्हणून कानांत पुन्हा तोच कापूस घातला. ती गाडी मूर्तिजापुरास पहाटेच्या अंधारात येते. ती आली असणार, फलाटावर चहावाला ओरडला असणार, कुटुंबाने लावून दिलेला मोबाईलचा गजर, म्हणजे पुन्हा तीच खंजिरी, उशाशी दणाणला असणार. समोरच्या बाकावरील गृहस्थांनी मागाहून सांगितले, की तीन बाकांवरचे लोक जागे झाले, दोघांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि मी तेवढा सुखाने घोरत होतो. जाग आली तेव्हा गाडी अमरावतीस संपली होती आणि एक सफाई कामगार माझ्या कानातला कापूस बोटाने उपसून विचारीत होता, "जिते हाय ना काका?"

दुपारी घरी पोहोचलो. गोदरेज उघडले. कुटुंबाने चहा ठेवीत विचारले, "कसं झालं गाणं?" मी सांगितले, की फारच छान झाले. "आणि अडकित्ता?"

तो राहिला. कार्यक्रम सुटला तेव्हा टोपल्यात पेटविण्याची यंत्रे तीन, अर्धी भरलेली पाण्याची बाटली एक आणि कोणाचा तरी छत्रीचा दांडा, एवढाच माल होता. कारंज्याच्या मुलाची पाळी संपून तो निघून गेला होता. पंचनाम्याची मूळ प्रत माझ्यापाशी सुरक्षित आहे. परंतु पंच क्रमांक एक हिचे केस आता कोणत्या रंगाचे असतील ते सांगवत नाही, आणि पंच क्रमांक दोन दौऱ्यावर असतो. तेव्हा ज्या कोणा रसिकाच्या हाती मुठीवर पोपट असलेला, डाव्या डोळ्याने अधू असा पितळी अडकित्ता चुकून गेला असेल, त्याने कृपा करून तो पुढील कोणत्याही कार्यक्रमास सोबत आणावा. मी दाराशी, काखेत सतरंजी धरून, उभा असेन. आणि कोणी हटकलेच, तर आपण सुपारी घेतो, असे मात्र त्याने सांगू नये.